शेवटचा फर्मा

नर्सबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर ठेवलं तेव्हा बाइंडरबाईंचे दोन्ही हात खळीने माखलेले होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या एका फाटक्या शब्दकोशाला नवी पाठ लावत होत्या. खळ वाळायच्या आत पुठ्ठा बसवायला हवा होता, पण नर्सबाईंना थांबायची सवय नव्हती. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. निवृत्त झाल्यापासून आठवड्याला दोन कादंबऱ्या फस्त करायच्या आणि भेटेल त्याच्याशी, औषध चुकवलेल्या पेशंटशी बोलावं तसं बोलायच्या.

"हे वाचा आणि मला सांगा, ही बया खरी की मी खरी."

"हात बघा माझे," बाइंडरबाई म्हणाल्या. "तुम्हीच वाचून दाखवा."

नर्सबाईंनी आधी सगळा इतिहास सांगितला. कात्रण त्यांच्या बहिणीकडून आलं होतं. बहीण दुसऱ्या शहरात राहते, तिथल्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ‘नुकतंच वाचलेलं’ नावाचं सदर येतं. लिहिणारी बाई दर आठवड्याला आपल्याला आवडलेली एक कादंबरी सांगते आणि खाली लहान मुलांसाठी एखादं चित्रांचं पुस्तक. बहीण त्या सदरावर जीव टाकते. तिने पाठवलं म्हणून नर्सबाईंनी ती कादंबरी इथून नेली, काल रात्री वाचून संपवली आणि सकाळी चहासुद्धा न घेता तडक इकडे आल्या.

"ती धक्क्यावर तिकिटं विकणाऱ्या बाईची कादंबरी हो. तुम्ही दुसरी प्रत काढून दिलीत ती. आता ऐका ही काय लिहिते." त्यांनी कात्रण डोळ्यांपासून लांब धरलं. "‘शेवटच्या पानावर बोटीची शिट्टी होते. एकोणीस वर्षं जिची वाट पाहिली ती बोट. आणि ती उठत नाही. बस, कादंबरी तिथंच संपते. असा शेवट लिहायला छाती लागते.’ आता मला सांगा, ती उठत नाही? उठते काय, पळत सुटते, पायात चप्पलसुद्धा घालत नाही. पुढे चांगली सोळा पानं आहेत, लग्न आहे, दोन मुलं आहेत. हिने पुस्तक उघडलं तरी होतं का?"

बाइंडरबाईंचा हात पुठ्ठ्यावर तसाच राहिला. खळ वाळायला लागली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिकिटवाली बाई उठत नाही अशी प्रत जगात एकच होती, आणि ती याच वाचनालयात होती. बाईंच्या आधी इथे एक म्हातारे बाइंडरमास्तर होते. बाईंना सुई कशी धरायची इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. शेवटी शेवटी मास्तरांची नजर गेली होती, पण हात सवयीने चालायचा. त्या वर्षात त्यांनी ही कादंबरी बांधली आणि बांधताना शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची एक घडी, सुटला. प्रत्येक फर्म्याच्या पायाशी बारीक आकडा असतो. मधला फर्मा सुटला तर आकडा उडी मारतो आणि लगेच कळतं. शेवटचा सुटला तर कोणाच्या बापाला कळत नाही. त्यातून योगायोग असा की त्याच्या आधीच्या पानाच्या तळाशीच वाक्य पूर्ण होत होतं. शिट्टी झाली आणि ती उठली नाही. पुढे मास्तरांनी कोरा कागद डकवून दिला होता, नेहमीसारखा नीटनेटका.

बाईंनी तीच प्रत वाचली, तीन महिन्यांपूर्वी. वाचून थक्क झाल्या. मग महिना-दीड महिन्याने कोणीतरी वाचनालयाला जुनी पुस्तकं दिली, त्यात त्याच कादंबरीची दुसरी प्रत निघाली, आणि ती नको तेवढी जाड वाटली. उघडून पाहतात तर तिकिटवाली बाई धक्क्यावरून धावतेय. बाईंना हसू आलं आणि शरमही वाटली. तीस वर्षं फर्मे मोजणाऱ्या बाईला एक आख्खा फर्मा गायब असल्याचं कळू नये, म्हणजे शिंप्याने उलटा सदरा घालून बाजारात जाण्यातला प्रकार. शिवाय मास्तरांची चूक चारचौघांत काढायची नव्हती. म्हणून त्यांनी तुटकी प्रत गुपचूप कपाटाच्या तळाशी ठेवून दिली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मात्र चूक कळायच्या आधी, तो शेवट त्यांनी एका माणसाला सांगितला होता. अगदी याच शब्दांत, असा शेवट लिहायला छाती लागते म्हणून. फोनवर, रविवारी दुपारी, आपल्या लेकीला.

"बघू," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि कात्रण घेतलं. वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत लिहिणारीचा फोटो होता. हनुवटीखाली मूठ, मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. डाव्या भुवईवर लहानशी खूण. बाईंच्याच दाबयंत्राच्या दांड्यावर तिसऱ्या वर्षी पोर आपटली होती, तिची खूण.

"ओळखता की काय?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही खऱ्या आहात. ती उठते."

*

वाचनालयात ग्रंथपाल होते, त्यांना सगळे सर म्हणत. सर पुस्तकाचा नंबर सांगत. पुस्तक कसं आहे ते विचारायला लोक मागच्या खोलीत येत, आणि दुरुस्त केलेल्या पुस्तकात बाई त्याबद्दल दोन ओळींची चिठ्ठीही ठेवत. बाईंचा हिशेब साधा होता. ज्या कादंबरीचा कणा मोडतो ती चांगली, कारण लोक ती पालथी घालून ठेवतात, उशाशी घेऊन झोपतात, आजारपणात घेऊन जातात. कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं त्यांच्याकडे दुरुस्तीला येतच नसत, त्यामुळे वाईट पुस्तकं त्यांच्या वाट्याला फारशी आली नाहीत. चित्रांच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. जे पुस्तक पोरांनी चघळून, ओढून, रंगवून पार चिंधी केलं असेल ते बाई आधी वाचायच्या.

हे सगळं घरात ऐकायला मात्र कोणी नव्हतं. नवरा लेक चार वर्षांची असताना गेला. त्यानंतर दोघीच. आणि लेकीला खळीचा वास सहन होत नसे. शाळेतून येऊन मागच्या खोलीत बसावं लागायचं, तर नाकाला रुमाल लावून बसायची. आई एवढी पुस्तकं हाताळते, पण पोरीने अभ्यासाच्या बाहेरचं एक पान कधी उलटलं नाही. मैत्रिणींना तिने आई ग्रंथपाल आहे असं सांगून ठेवलं होतं. एकदा मैत्रिणी अचानक वाचनालयात आल्या, तेव्हा आईने टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं होतं. पुढे ती शिकली, मोठ्या शहरात गेली, तिथंच संसार केला. फोन यायचा, पण चार वाक्यांचा. बरी आहेस ना, औषध घेतेस ना, पोरगी मजेत आहे, ठेवू का.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तीन वाजता फोन आला आणि लेक म्हणाली, "आई, या आठवड्यात काय वाचलंस?"

बाईंना आधी वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाला लागला फोन. मग त्या बोलल्या, तासभर बोलल्या. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. त्यानंतर एक रविवार चुकला नाही. कधी कधी लेक म्हणायची, "थांब, ते परत सांग, काय म्हणालीस?" आणि बाईंचा ऊर भरून यायचा. इतका जीव लावून त्यांचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. शनिवारी त्या वाचलेलं मनात लावून ठेवत. रविवारी जेवण आटोपलं की केस विंचरत, फोनवर केस कोण बघतंय, पण विंचरत. लेक नातीसाठीही विचारायची, एक-दोन चित्रांची सांग म्हणायची. मग पुढच्या वेळी सांगायची, "ते छत्रीचं पुस्तक सोडतच नाही गं ती. झोपताना उशाशी लागतं." ते ऐकून बाई आठवडाभर हवेत असायच्या. उशिरा का होईना, पोर माझ्याकडे वळली, असं त्यांनी नर्सबाईंनाही दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी नर्सबाई गेल्यावर बाईंनी शब्दकोश बाजूला ठेवला आणि बाहेर जाऊन सरांना म्हणाल्या, "सर, तुमच्या कॉम्प्युटरवर एका वर्तमानपत्राचं जुनं जुनं निघेल का?"

निघालं. सगळं निघालं. चौऱ्याण्णव आठवडे. सरांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि बाई एकामागून एक वाचत गेल्या. ‘ज्यांच्या घरात अबोला चालू आहे त्यांनी ही कादंबरी घेऊ नये, अर्ध्यात आल्यावर बोलावंसं वाटायला लागतं.’ हे बाईंचं. ‘या लेखकाला पाऊस आवरत नाही. पन्नास पानं काढून टाकली असती तर कपडे वाळले असते.’ हेही बाईंचं. ‘हे पुस्तक हातात घेतलं आणि दुधाचं भांडं जाळलं. दोन दिवस घासतेय.’ बाई तिथे थांबल्या. ते भांडं त्यांच्या घरी होतं, बूड अजून काळं होतं. लेकीने भांडंसुद्धा उचललं होतं.

तरी इथवर त्यांना राग आला नव्हता, खरं सांगायचं तर. उलट थोडा अभिमानच वाटला होता. आपलं बोलणं छापलं की असं दिसतं तर. हजारो लोक वाचतात म्हणे. त्या म्हणाल्या, "सर, पहिलं काढा. सुरुवातीचं."

सरांनी पहिलं सदर उघडलं, वाचलं आणि घाईने खाली सरकवलं.

"वर घ्या," बाई म्हणाल्या.

"त्यात काही नाही विशेष. ओळख करून दिलीय नुसती."

"सर, वर घ्या."

तिथे लिहिलं होतं: ‘आमच्या घरी पुस्तकं नव्हती. आई दिवसभर कागद आणि खळीत राबायची. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे चिकटवायची वस्तू. अक्षराशी तिचं कधी देणंघेणं नव्हतं. मी मात्र कुठून कोण जाणे वाचायला लागले, एकटीच, आणि वाचत वाचत इथवर आले.’

लहानपणी पोरीने आईला ग्रंथपाल करून टाकलं होतं, मोठेपणी अडाणी. मधे जी खरी आई होती तिला कुठेच जागा नव्हती. बाईंनी तो परिच्छेद तीनदा वाचला. अक्षराशी देणंघेणं नव्हतं. पोर तापाने फणफणली होती तेव्हा उशाशी बसून रात्रीच्या रात्री काय वाचून दाखवलं होतं मग? ती विसरली असेल तर एक वेळ ठीक. पण ही विसरलेली नव्हती, हिने ठरवून लिहिलं होतं. विसरणारी माणसं इतकं व्यवस्थित लिहीत नाहीत.

सर अस्वस्थ झाले. चांगले गृहस्थ होते. त्यांनी फोटो पाहिला होता, भुवई पाहिली होती. ही मुलगी नाकाला रुमाल लावून बसायची ती त्यांना आठवत होती. ते म्हणाले, "बाई, आपण संपादकांना पत्र लिहू. तुमच्या चिठ्ठ्या आहेत, पुस्तकांत ठेवलेल्या. पुरावा आहे. वाचक साक्ष देतील."

"कोणाविरुद्ध?"

"म्हणजे..."

"पोटच्या पोरीची तक्रार कुठं करतात, सर? तसलं खातं आहे का कुठे?"

सरांनी कॉम्प्युटर बंद केला. बाई मागच्या खोलीत गेल्या. शब्दकोशाची खळ वाळून कडक झाली होती, ती त्यांनी संध्याकाळपर्यंत खरवडत बसून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

*

गुरुवार ते रविवार त्यांनी मनातल्या मनात शंभर वेळा फोन घेतला. कधी त्या खूप बोलायच्या आणि लेक रडायची. कधी त्या शब्दही काढायच्या नाहीत. पण एक गोष्ट सारखी आडवी यायची. बोललो तर रविवार जाणार. तोंडातून शब्द गेला की पुन्हा तीन वाजता फोन वाजणार नाही, आणि नातीचं झोपताना काय उशाशी असतं तेही कळणार नाही. चोर पकडायचा तर घरच बंद होणार होतं. आणि न बोलावं तर, या वयात, जाणूनबुजून लुटून घ्यायचं. शनिवारी रात्री त्यांनी ठरवलं, गप्प बसायचं. आईनेच नमतं घ्यायचं असतं. रविवारी सकाळी उठल्यावर त्यांना ते नमतं घेणं गिळवेना.

केस मात्र त्यांनी विंचरले. हात सवयीने गेला.

तीनला फोन वाजला. लेकीने ‘काय वाचलंस’ असं विचारलंच नाही.

"आई, त्या बोटीच्या कादंबरीचा शेवट तू मला काय सांगितला होतास?"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "ती उठत नाही."

"उठते ती. पत्रांवर पत्रं येतायत. संपादक विचारतायत, पुस्तक वाचलं होतंत का म्हणून. जिकडे तिकडे शोभा झालीय माझी. तू पूर्ण वाचलं नव्हतंस का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच, पण बाईंना ते सुचलं नाही. त्यांना एवढंच जाणवलं की आपण सदराबद्दल आईला कधीच सांगितलेलं नाही, हे पोरीच्या ध्यानातसुद्धा नाही. आई म्हणजे भिंत, भिंतीला काय सांगायचं.

"शेवटचा फर्मा सुटला होता," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या हातून. मला नंतर कळलं."

"मग मला सांगायचं ना."

"तू लिहितेस, हे तू मला सांगितलंस?"

आता कुठे तिला कळलं असावं. मग ती बोलायला लागली, भराभर. सांगणारच होते. आधी दोन-चारच आठवडे करणार होते, मग ते वाढत गेलं. तुझं नाव घातलं असतं तर लोक विचारत आले असते, तू बुजली असतीस, तुला असलं कुठे आवडतं. बाईंनी तिला सगळं बोलू दिलं. अडवायचं नाही आणि मदतही करायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"नाव नको होतं मला," लेक थांबल्यावर त्या म्हणाल्या. "पण माझं अक्षराशी देणंघेणं नव्हतं, हे कशाला लिहिलंस?"

"आई, ते तसं लिहावं लागतं. शून्यातून वर आलेलं माणूस लोकांना आवडतं. त्यातली आई म्हणजे तू नाहीस."

"मग कोण आहे?"

लेक पुन्हा संपादकांबद्दल बोलायला लागली.

"या दोन वर्षांत मी सांगितलेलं एक तरी पुस्तक वाचलंस का?"

"तू इतकं छान सांगायचीस, आई," लेक म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरा होता. "वाचायची गरजच पडली नाही."

वाईट याचं वाटलं की ते ऐकून बाई क्षणभर सुखावल्या. सगळं लुटून नेलेल्या माणसाने घर छान ठेवलंय म्हणावं आणि आपण खुलावं, तसं झालं. स्वतःचाच राग आला त्यांना.

"हे आपण नंतर निवांत बोलू," लेक म्हणाली. "उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. त्या सोळा पानांत काय आहे तेवढं सांग, मी खुलासा टाकते. आणि या आठवड्यासाठी एखादं सांग. लहानांचं असलं तरी चालेल."

"सोळाच पानं आहेत," बाई म्हणाल्या. "वाच."

"आई, वेळ कुठाय मला?"

"मलाही नाही."

फोन ठेवायला त्यांनी हात खाली आणलाच होता, तेवढ्यात पलीकडून, "हे बघ, ही आजी आजी करतेय, बोल हिच्याशी," असं काहीतरी ऐकू आलं आणि नातीचा आवाज आला. आवाज घुमत होता. फोन स्पीकरवर टाकलेला असणार. सहा वर्षांची पोर. तिचा यात काय दोष, म्हणून बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. शाळेत काय केलं, दात पडला का, असं विचारून झालं. मग गेले तीन दिवस ज्या एका गोष्टीवर त्या तग धरून होत्या, ती त्यांनी विचारली.

"छत्रीचं पुस्तक अजून उशाशी घेतेस का गं?"

"कुठलं?"

"छत्रीचं. एका छत्रीखाली सगळी गल्ली मावते ते."

"माहीत नाही," नात म्हणाली.

बाईंनी दुसरं विचारलं, हरवलेल्या मोज्याचं. तिसरं विचारलं, रात्री जागणाऱ्या दुकानाचं. आपण एकेक पान कसं सांगितलं होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. नातीने विचार करून, प्रामाणिकपणे, प्रत्येकाला नाही म्हटलं.

"मग तुझ्याकडे कुठली पुस्तकं आहेत?"

"माझ्याकडे नाहीत. आईची आहेत कपाटात. त्यांना हात नाही लावायचा," नात म्हणाली. "ती फोटोची आहेत."

मागून लेक काहीतरी पुटपुटली. बाईंनी डोळे मिटून घेतले. आईला अडाणी केलं, एक वेळ चालेल. पण त्या उशाशी ठेवलेल्या पुस्तकावर त्यांनी कितीतरी रविवार काढले होते, आणि ते उशाशी कधी नव्हतंच. आपलं शहाणपण चोरीला गेलं हे कळल्यावर त्या रडल्या नव्हत्या. आता डोळे भरून आले. पदराने पुसले तरी पुन्हा भरून आले.

"आजी, आहेस का?"

"आहे."

घरी दुरुस्तीला आणलेल्या गठ्ठ्यात वरच चित्रांचं एक पुस्तक होतं. शब्द नसलेलं. पानं सुटलेली, एक कोपरा कोणीतरी चावलेला. बाईंनी ते मांडीवर घेतलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर एक लांबच लांब पिवळी भिंत आहे. रंगारी जेवायला गेलाय आणि त्याची शिडी भिंतीला टेकून ठेवलीय. अर्धी भिंत रंगवलेली, अर्धी तशीच. दिसतेय का?"

"हो."

"दुसऱ्या पानावर पोस्टमन येतो. त्याला वाटतं, वर बघावं तरी काय आहे. पिशवी खाली ठेवतो आणि चढतो. त्याची टोपी पडते बघ, ती डबक्यात पडलीय. तिसऱ्या पानावर तो वरूनच लांब बघत बसलाय. काय दिसतंय ते आपल्याला दाखवलेलं नाही. पण त्याने बूट काढून ठेवलेत."

नातीचा श्वास फोनमध्ये जवळ आला. आणि त्याच्यामागे, खोलीत थोडं लांब, बाईंना टिकटिक ऐकू आली. बारीक, भराभर. कॉम्प्युटरच्या बटणांची. बाई थांबल्या तशी टिकटिकही थांबली. त्यांनी मुद्दाम आणखी एक वाक्य सांगितलं, पोस्टमनच्या मोज्याला भोक आहे म्हणून. टिकटिक सुरू झाली, संपली, आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली.

म्हणजे इतकं सगळं बोलून झाल्यावरही लेक टिपून घेत होती. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"मग?" नात म्हणाली.

बाईंनी पान उलटलं. चित्रात एक पाववाला डोक्यावर टोपली घेऊन शिडी चढत होता, टोपलीतून एक पाव खाली पडत होता. मोठं गमतीदार चित्र होतं. दुसऱ्या कुठल्या रविवारी त्यांनी त्या एका पावावर पाच मिनिटं घेतली असती.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "शिडीवर कोण आहे?"

"मी? मला नाही दिसत."

"दिसेल. बघ नीट."

नातीने बराच वेळ घेतला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मांजर."

"हो. कसलं?"

"एका डोळ्याचं. त्याला वरती झोपायचंय. पण त्याला भीती वाटते, कारण... कारण शिडी हलते."

टिकटिक बंद झाली होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मागून लेकीने विचारलं, "आई, खरंच मांजर आहे का त्यात?"

बाईंनी पाववाल्यावर हात ठेवला.

"मग, बाळा?" त्या म्हणाल्या. "शिडी हलायला लागल्यावर मांजराने काय केलं?"